भाचीचं व्हायोलिन रिसायटल आहे, आम्ही नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्यात पुढच्या रविवारी 9 वर्षांची भाची स्टेजवर पहिल्यांदाच सोलो वाजवणार आहे, व्हायोलिन आणि पियानोच्या विद्यार्थ्यांचं रिसायटल, घरात वेस्टर्न क्लासिकल कोणी कधी बसून ऐकलेलं नाही, आजोबा सवाईचे जुने वारकरी, बरोबर 3 वर्षांचं पोर, आणि कार्यक्रमाच्या कागदावर भाचीच्या नावापुढे ‘रीडिंग, कॉन्चेर्टो इन बी मायनर, ओपस 35, थर्ड मूव्हमेंट’ असं काहीतरी छापलंय. टाळ्या कधी वाजवायच्या, व्हिडिओ चालतो का, किती वेळ चालतं, आजोबांना न्यावं का नको, कपडे काय घालायचे.

मी पियानो शिकवते आणि 20 वर्षं झाली, अशा कार्यक्रमांत व्हायोलिन-चेलोच्या पोरांना साथ करते. म्हणजे प्रत्येक फोटोत कडेला जिचा अर्धा खांदा येतो ती बाई मी. त्यामुळे जे सांगतेय ते स्टेजवरून दिसलेलं आहे, आणि स्टेजवरून प्रेक्षक तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त दिसतात!

आधी तो कागद. ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापून आलेल्या कामाचा नंबर, बाकी काही नाही. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि त्याच्याशी बोलणारी साथ, मोठ्या कॉन्चेर्टोत ती साथ अख्ख्या ऑर्केस्ट्राची असते, मुलांच्या कार्यक्रमात ते सगळं पियानोच्या गळ्यात पडतं. मूव्हमेंट म्हणजे त्याचा एक भाग, बहुतेक वेळा तीन असतात, जलद-संथ-जलद. रीडिंग हा बुडापेस्टच्या ऑपेरा ऑर्केस्ट्रात वाजवणारा जर्मन माणूस, त्याने हा कॉन्चेर्टो शिकणाऱ्या मुलांसाठीच लिहिला, त्यामुळे डावा हात वरखाली न सरकवता एकाच जागी ठेवून पूर्ण वाजवता येतो. पण म्हणून सोपा समजू नका, 9 वर्षांची मुलगी हा वाजवतेय म्हणजे ती बरीच वर्षं घासतेय.

बी मायनर हे आजोबांना असं सांगा, सा पांढरी सात, आणि ग, ध, नी कोमल. म्हणजे सुरावट आसावरी थाटाची, फक्त ही मंडळी मधेच नी शुद्ध करतात, तेव्हा किरवाणीचा भास होईल. बास, एवढं पुरतं त्यांना. कागद हातात धरून बसा, कोण कधी ते कळतं आणि किती राहिले तेही कळतं (दुसरं जास्त उपयोगी).

आता टाळ्या. सगळे मला हेच विचारतात आणि चुकायची भीतीही सगळ्यांना इथेच असते. सुरावरून ठरवायला जाऊ नका, हाताकडे बघा. व्हायोलिनवाल्याचा बो, म्हणजे गज, हवेत आहे आणि व्हायोलिन हनुवटीखाली आहे तोवर काम चालू आहे. बो खाली आला, व्हायोलिन खाली आलं, की वाजवा. पियानोत हात पट्ट्यांवरून उठून मांडीवर येतात आणि उजवा पाय पेडलवरून निघतो, तेव्हा संपलं. पेडल दाबलेलं असेल तर शेवटची पट्टी सोडल्यावरही सूर हवेत राहतो, आणि शिकवताना आम्ही त्या शेवटच्या दोन सेकंदांसाठी महिनाभर डोकं फोडलेलं असतं, की थांब, लगेच हात उचलू नको, ऐक तो विरताना. आणि तिथेच तिसऱ्या रांगेतून कडाड्कन टाळी येते. असो.

तुमच्या भाचीचा एकच भाग आहे त्यामुळे मधे फसायची भीती नाही. फसगत होते ती क्लेमेंटी नावाच्या संगीतकाराच्या सोनाटिनांत, म्हणजे पियानोच्या छोट्या, दोन-तीन भागांच्या रचनांत. ओपस 36 मधली पहिली, सी मेजरची, जवळजवळ प्रत्येक पियानो रिसायटलमध्ये कोणीतरी वाजवतंच, 1797 ची आहे पण अजून मुलांच्या मागे लागलेली आहे, तिचे तीन भाग आणि पहिला दीड-दोन मिनिटात असा ठासून संपतो की कोणीही टाळ्या वाजवेल. वाजल्या तर काही बिघडत नाही हो. मी पोरांना आधीच सांगून ठेवते की मधे टाळ्या आल्या तर जरा हस आणि पुढचं सुरू कर, उठून नमस्कार करू नको. मोझार्टने 1778 मध्ये पॅरिसहून वडलांना पत्र लिहिलंय, त्यात त्याच्या सिम्फनीच्या ऐन मधेच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला म्हणून तो खूश आहे. मधे गप्प बसायचा नियम बराच नंतरचा आहे. पण आता आहे, तर पाळायचा, एवढंच.

दुसरा फसवा तुकडा म्हणजे बीथोवनचा ‘फ्यूर एलिझे’, पियानोचाच. सगळ्यांना तोंडपाठ, म्हणजे पहिल्या चार ओळी. ते मुख्य धून परतपरत येणारं प्रकरण आहे, आपल्या धृपदासारखं, दरवेळी वाटतं संपलं आणि ते पुन्हा येतं. हाताकडे बघा.

आजोबांना नक्की न्या. माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा नेलं तेव्हा ते नको म्हणत होते, म्हणे तिथे दाद देता येत नाही, नुसतं मास्तरांच्या वर्गात बसल्यासारखं बसायचं. आयुष्यभर भजनाला टाळ वाजवलेला माणूस. एका छोट्या मुलीने मिनुएट, म्हणजे जुन्या युरोपीय नाचाची धून, सुरू केला, तो जी मेजरचा, बाखच्या नावाने खपतो पण बाखच्या घरच्या वहीत उतरवलेला आहे, मूळ पेट्झोल्ड नावाच्या संगीतकाराचा. सासऱ्यांनी मांडीवर बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीला माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले, दादरा आहे रे हा! मला घरी आल्यावर कळलं आणि मी बघतच राहिले, कारण कागदावर तो तीन-तीन मात्रांचा लिहिलेला असतो पण मिनुएट नाचताना पावलांचा एक फेरा पुरा व्हायला दोन खाने (नोटेशनमधले उभ्या रेघांमधले कप्पे) लागतात, म्हणजे सहा मात्रा. जे मी मुलांना तीन-तीन महिने सांगते ते ह्यांना दोन ओळीत कळलं. तेव्हा तुमचे आजोबा मांडीवर ताल धरत असतील तर धरू द्या, फक्त आवाज नको, आणि ‘वाह’ जे आहे ते तुकडा संपल्यावर. संपल्यावर मात्र मोठ्याने म्हणा, पोरांना फार आवडतं.

त्यांना खटकतील अशा दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. एक म्हणजे तबला नाही, लय दोघं वाजवणारेच आपापसात सांभाळतात आणि ती मुद्दाम थोडी ओढतात, सोडतात, म्हणून मात्रा हलल्या की लगेच कपाळाला आठ्या नकोत. दुसरं, वाद्य लावणं. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई, म्हणजे पांढरी पाच, दोन, सहा, तीन, प्रत्येक वरची तार खालच्या तारेचा पंचम, हे ऐकून त्यांना घरी आल्यासारखं वाटेल. पण लावायचं पियानोच्या ए वर, कारण पियानो काही स्टेजवर लावता येत नाही, 200 च्या वर तारा असतात त्यात, जसा असेल तसा. पेटीसारखंच, बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. लहान मुलांचं टीचरच लावून देतात, ते कान पिळणं मिनिटभर चालतं, तो वेळ कार्यक्रमाचाच भाग समजा, गप्पा मारायचा ब्रेक नाही. आणि ‘हे आपलं नाही’ असं आजोबा म्हणालेच तर त्यांना त्यांच्या आवडीच्या जुन्या हिंदी गाण्यांमधली व्हायोलिनं आठवायला सांगा. ती वाजवणाऱ्यांत गोव्याचे किती लोक होते, चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस ह्या गोव्याच्याच माणसाकडे.

मग ऐकायचं काय? इथे मला जरा जास्त लिहावं लागणार आहे कारण बहुतेक घरचे लोक ऐकायला येतच नाहीत, तपासायला येतात. डोळे मोठे करून, श्वास धरून, कुठे चुकते बघत. पोराला ते स्टेजवरून दिसतं.

व्हायोलिनवर पडदे नसतात. बोट नेमकं कुठे ठेवायचं हे फक्त कान सांगतो, म्हणून सुरुवातीला टीचर बारीक चिकटपट्ट्या लावून देतात. त्यातून लहान मुलांचं वाद्य असतं अर्ध्या किंवा पाऊण मापाचं, वाद्य जेवढं लहान तेवढे सूर जवळजवळ, मिलिमीटरभर बोट सरकलं तरी सूर हलतो. तेव्हा सूर थोडे इकडेतिकडे होणारच, ते सोडून द्या. त्यापेक्षा उजव्या हाताकडे बघा. बो घोडीला (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) समांतर, सरळ जातोय का, की हॉकी स्टिकसारखा वळतोय, अख्खा वापरतेय की भीतीने मधलाच वीतभर. घाबरलं की पहिला बो आखडतो, मग आवाज चिरका येतो, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला कधीतरी मूल श्वास सोडतं आणि एकदम बो लांब होतो, आवाज उघडतो. ती जागा पकडा. मला विचाराल तर रिसायटलला जायचं ते ह्या एका क्षणासाठी, अर्धी मुलं तो तुम्हाला दाखवतात.

पियानोच्या मुलांत डावा हात ऐका. नवखी पोरं साथ जोरात आणि धून हळू वाजवतात, जिच्या हातात उजवा वर तरंगतोय आणि डावा खाली मऊ आहे ती चांगली शिकतेय असं खुशाल समजा.

चुका होतात, आणि त्यातली मजा तुम्हाला कळली तर अख्खी संध्याकाळ बदलते. मिनुएटसारख्या तुकड्यात प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवायचा असतो, मुलं दुसऱ्यांदा वाजवून झालं हे विसरतात आणि तिसऱ्यांदा सुरू करतात, किंवा उलट, एकदम शेवटी उडी मारतात. तेव्हा साथीला बसलेल्या माणसाने काय करायचं, तर तिच्या बरोबर उडी मारायची. एका मुलाने माझ्याबरोबर सोळा खाने गाळले होते, सरळ! मी डाव्या हाताने एकच सूर धरून ठेवला, तो कुठे उतरतोय ते ऐकलं आणि तिथे जाऊन उभी राहिले, चार सेकंदांचा कारभार. प्रेक्षकांत कोणालाच कळलं नाही, फक्त त्याच्या आईला कळलं कारण ती घरी रोज ऐकत होती, आणि तिने कपाळावर हात मारला. आणि मुलाने नेमकं तेच बघितलं. त्याच्या आधी त्याला स्वतःला पत्ता नव्हता की काही चुकलंय!

तर चेहरा. चेहरा सांभाळा. भाचीने तुमच्याकडे बघितलं तर तिला चेहरा दिसू दे, मोबाईलची पाठ नको. व्हिडिओबद्दल एवढंच की क्लासवाले बहुतेक वेळा स्वतः रेकॉर्डिंग करतात, आधी विचारून घ्या. करायचाच असेल तर एकाने जागेवर बसून करायचा, फ्लॅश बंद, ब्राइटनेस कमी, आणि फक्त आपल्या मुलीचा, दुसऱ्यांची मुलं परस्पर स्टेटसला टाकायची नाहीत. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवून लाकडी खुर्चीवर ठेवला तर तो रिंगपेक्षा मोठा घुमतो, बंदच करा.

एक किस्सा सांगते, उपयोगाचा आहे. एसी हॉल होता, बाहेर मे महिना. व्हायोलिनच्या खुंट्या लाकडाच्या आणि नुसत्या घर्षणावर टिकलेल्या असतात, एसीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंटी सटकते (पावसाळ्यात उलटं, फुगून बसते आणि हलता हलत नाही). एक आठ वर्षांची पोरगी, अर्ध्यात आली आणि टुंग! ए ची तार लोंबायला लागली. मुलगी थांबली, तारेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, ती शांतपणे चालत विंगेत टीचरकडे गेली. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आत्या, मावशी आणि आजी अशा तिघी एकदम उठल्या, ‘अगं बाई काय झालं’ करत स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत पोचल्या, आणि इतका वेळ न रडलेली मुलगी त्यांना बघून रडायला लागली. तार लावायला दोन मिनिटं लागली, रडं थांबायला दहा. तेव्हा तार तुटो, पानं उडोत, पोर गाडीसारखं बंद पडो, तुम्ही खुर्ची सोडायची नाही. आम्ही आहोत तिथे. पानांसाठी तर मी पर्समध्ये कपड्याचे चिमटे ठेवते, एकदा पंख्याने अख्खं पान पहिल्या रांगेत नेऊन टाकलं होतं तेव्हापासून.

किरकोळ गोष्टी पटापट. कपडे साधे, इस्त्रीचे, लग्नाला आल्यासारखं नटू नका, काचेच्या बांगड्या त्या दिवशी नकोत. प्लॅस्टिकची पिशवी आणि वेफर्सचा पुडा शांत हॉलमध्ये पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. उशीर झाला तर दाराशी थांबा, टाळ्या चालू असताना आत शिरा. 3 वर्षांच्या मुलाला आणा, पण कडेची, मागची, दाराजवळची खुर्ची घ्या आणि कुरकुर सुरू झाली की लाजू नका, उचलून बाहेर. पोरं मुळात मोठ्यांपेक्षा बरी ऐकतात, साधारण वीस मिनिटं. भाचीचा नंबर कितवा आहे ते बघून आत आणा. गुच्छ, पाण्याची बाटली, पर्स, काहीही पियानोवर ठेवायचं नाही, ते टेबल नाहीये.

झाल्यावर भेटाल तेव्हा ‘छान झालं, पण ते मधे जरा...’ हे वाक्य पणच्या आधी थांबवा. कुठे चुकलं ते तिला तुमच्यापेक्षा नीट माहितीये. कुठला भाग वाजवताना मजा आली ते विचारा, नाहीतर सरळ आइस्क्रीम. आणि टीचरला त्या गर्दीत गाठून ‘आता कितवी ग्रेड देणार, डिस्टिंक्शन येईल का’ नको, प्लीज. एबीआरएसएम ह्या ब्रिटिश बोर्डाच्या ग्रेड परीक्षेत 150 पैकी 130 ला डिस्टिंक्शन असते हे आम्हाला पाठ आहे, पण त्या संध्याकाळी आमच्या डोक्यात फक्त पुढच्या मुलाच्या खुंट्या असतात.

किती वेळ चालतं ह्याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पंचवीसेक मुलं असली तर दोन तास धरा, छोटी मिनिट-दोन मिनिटांची, मोठी दहा-बारा मिनिटांची, वर लावणं आणि नमस्कार. क्रम लहानांकडून मोठ्यांकडे असतो. आणि त्यामुळे होतं असं की आपलं छोटं वाजवून झालं की एकेक घर हळूच उठतं. कोणाचा ट्यूशन, कोणाचं पार्किंग. मागे एका कार्यक्रमाला शेवटचा मुलगा मेंडेल्सोनचा ई मायनर कॉन्चेर्टो वाजवणार होता, बारावीचा, त्याला मी अर्ध्या मापाच्या व्हायोलिनपासून साथ केलेली. हा कॉन्चेर्टो 1845 मध्ये पहिल्यांदा वाजला आणि त्यात मेंडेल्सोनने एक युक्ती केलीये, पहिला भाग दणक्यात संपतो आणि सगळी ऑर्केस्ट्रा गप्प झाली तरी एक बसून नावाचं लांब लाकडी फुंकवाद्य एकच सूर धरून ठेवतं, पांढरी सात, तुमच्या भाचीचाच सा, आणि त्या सुरावरून दुसरा भाग उगवतो, टाळ्या वाजवायला फटच ठेवली नाही. पियानोवर तो सूर मला धरायचा असतो, आणि पियानोचा सूर धरला तरी विझत जातो, त्यामुळे हॉल एकदम शांत लागतो तेव्हा. त्या दिवशी होताच शांत. सुरुवातीला दीडशे माणसं होती, तो सूर धरून मी मान वळवली तर अकरा. त्यातले तीन स्पीकरवाले.

ह्याच मुलाला बघून तुमची भाची पुढची सहा-सात वर्षं रोज वाजवणार असते, आणि तिला आपण त्याच्या आधीच गाडीत बसवून घरी नेलेलं असतं. तेव्हा कागदावर 5 ते 7 लिहिलं असेल तर साडेसात धरा, आणि नंतर जेवायला कुठे जाणार असाल तर टेबल 8 चं सांगा.